भाडं कोण भरणार?

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
१० मार्च २०२६

प्रिय मैत्रिणीस,


तुझी लांबलचक मेल वाचली. उत्तर मोबाइलवर टाइप करत बसले तर गुढीपाडवा उजाडेल, म्हणून सरळ वही घेतली. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

इकडे होळी होऊन आठवडा झाला. पोळ्या केल्या, पण पुरण मिक्सरमधून काढलं, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तू टोमणा मारायला मोकळी. उकाडा आत्ताच सुरू झालाय आणि टँकरवाल्याचा आवाजही चढलाय. आमच्या गॅलरीतून जीवदानीचा डोंगर अजून दिसतो. म्हणजे समोरच्या प्लॉटवर अजून इमारत उठलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

तुझ्या अमेरिकेतल्या ग्रंथालयात दोन मुलांना घेऊन येणाऱ्या, सरकारी भाडेमदतीवर राहणाऱ्या त्या बाईचं वाचून मात्र बराच वेळ तेच डोक्यात राहिलं. मला आपलं वाटायचं की अमेरिकेत सरकार कुणाचं काही भरत नसेल. भाडेकरूनं स्वतःच्या उत्पन्नाचे साधारण तीस टक्के द्यायचे आणि वरचं भाडं सरकारनं थेट घरमालकाच्या हातात ठेवायचं, ही रीत तिथे इतकी जुनी आहे हे तुझ्यामुळे कळलं. करोनाच्या काळात, २०२१ साली, बेघर झालेल्यांसाठी आणि घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी अशी ७० हजार जादा भाडेमदतीची व्हाउचरं काढली, त्यासाठी पाच अब्ज डॉलर बाजूला ठेवले. २०३० पर्यंत चालेल असा हिशोब होता. भाडी अशी चढली की गेल्या वर्षी मार्चमध्येच तिथल्या केंद्र सरकारनं कळवून टाकलं, हा शेवटचा हप्ता, २०२६च्या पुढचं धरून चालू नका. म्हणून आता गावोगावच्या नगरपालिका आणि काउंट्या हिशोब मांडून बसल्यात, की आपल्या तिजोरीतून किती घरं सावरता येतील. आणि तू विचारतेस, ‘आपल्याकडे असं काही असतं का गं?’

असतं आणि नसतं. आपलं सरकार घर देतं, घराच्या कर्जावरचं व्याज देतं, पण भाडं देत नाही. भाडं मिळतं ते तुझं घर पाडलं तर. तेही बहुतेक वेळा बिल्डरच्या हातून, आणि बिल्डरचा हात किती सढळ असतो ते तुला ठाऊक आहे.

आमच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. मूळच्या अंधेरीकडच्या झोपडपट्टीतल्या. तिथे झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना आली, झोपडी पाडली, तीन वर्षांत इमारत उभी राहील म्हणाले आणि तोवर दरमहा भाड्याचा चेक. त्या चेकात अंधेरीत खोली मिळत नाही, विरारला मिळते. म्हणून विरार. मुंबईत अर्धवट राहिलेल्या किती योजनांची माणसं आपल्या या पाड्यांत येऊन राहिलीयत याची गणती कुणी केली तर डोळे पांढरे होतील. वहिनींकडे प्लास्टिकची एक निळी फाइल आहे. त्यात फोटोपास, परिशिष्ट दोनची, म्हणजे पात्र-अपात्रांच्या यादीची झेरॉक्स, त्यावर त्यांच्या सासऱ्यांच्या नावापुढे ‘पात्र’ असं लिहिलेलं, त्याखाली पेनानं मारलेली रेघ, बिल्डरबरोबरचा करार आणि न वटता परत आलेले चेक, प्रत्येकाला बँकेची चिठ्ठी टाचलेली. पहिली दोन वर्षं चेक वेळेवर आले. मग उशिरा यायला लागले, मग वटेनासे झाले, आणि एके दिवशी बिल्डरच्या ऑफिसचं शटरच खाली. वहिनी आता पहाटेच्या लोकलनं गोरेगावला दोन घरची पोळीभाजी करायला जातात. त्यातला पगार इथल्या खोलीच्या भाड्यात जातो. झोपडी होती तेव्हा भाडं नव्हतं. पक्क्या घराला ‘पात्र’ ठरल्यापासून भाडं सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, नियम आहेत की. आहेतच. २०२३च्या ऑगस्टमध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणानं परिपत्रक काढलं, की बिल्डरनं दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा केल्याशिवाय आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक दिल्याशिवाय झोपड्या हलवायच्या नाहीत. थकलेलं भाडं बिल्डरकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करायची सोयही नंतर कायद्यात झाली. चांगलंच झालं. पण नियम येण्याआधी ज्यांची घरं गेली त्यांनी काय करायचं? गोरेगावच्या पत्राचाळीचं आठवतंय ना? ६७२ कुटुंबं, २००८चा पुनर्विकासाचा करार. मधेच बिल्डरनं हात वर केले, भाडं थांबलं, चौकशा झाल्या, अटका झाल्या. शेवटी काम म्हाडाला हातात घ्यावं लागलं. तोवर कित्येक म्हातारीकोतारी माणसं भाड्याच्या घरातच गेली.

याउलट वरळीच्या बीडीडी चाळी बघ. तिथे बिल्डर मधे नाही, म्हाडा स्वतः आहे. ज्यांना संक्रमण शिबिरात जायचं नव्हतं त्यांना महिना २५ हजार रुपये भाडं ठरलं, आणि गेल्या वर्षी १४ ऑगस्टला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्याही दिल्या. तुझे मामा तिथलेच, तू बातमी बघितलीच असशील. मला गंमत वाटते ती वेगळीच. त्या चाळी बांधल्या होत्या सरकारनं, १९२०च्या आसपास, गिरणी कामगारांना भाड्यानं द्यायला. त्याच्याही आधी प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या बीआयटी चाळीही भाड्याच्याच. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या राज्यात सरकार घरमालक होतं, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास समाईक का असेना. पुढे भाडेनियंत्रण कायदा आला, भाडी १९४०च्या आकड्यावर गोठली, पागडी बोकाळली आणि भाड्यासाठी घर बांधणारा शहाणा उरला नाही. तेव्हापासून आपल्याकडे घर म्हणजे मालकीचं घर, बाकीचा माणूस पाहुणा.

मधे एकदा सरकारला परत आठवण झाली होती. २००८ साली एमएमआरडीएनं भाड्याच्या घरांची योजना काढली. खोली पुन्हा १६० चौरस फुटांचीच, जणू शंभर वर्षांत माणसाला हातपाय पसरायची गरजच पडली नाही! त्यातली ठाण्यातली काही घरं धोकादायक इमारतींतल्या लोकांना तात्पुरती राहायला दिली, त्याचा उपयोग नक्की झाला. पण स्वस्त भाड्याची घरं म्हणून ती योजना रुजली नाही. २०२०च्या टाळेबंदीत माणसं पायी गावाकडे निघाली तेव्हा केंद्रानंही परप्रांतीय कामगारांसाठी भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. मनवेलपाड्यात तिचं नाव मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला मुद्दाम सांगायची आहे, कारण तुमच्या व्हाउचरच्या सर्वांत जवळची तीच. माहुल. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून माणसं चेंबूरच्या रिफायनऱ्यांना खेटून असलेल्या इमारतींत नेऊन टाकली. हवा अशी की घराघरांत खोकला आणि अंगावर चट्टे. माणसं विद्याविहारला फूटपाथवर येऊन बसली, पण परत गेली नाहीत. २०१९च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की चांगल्या जागी घर देता येत नसेल तर प्रत्येक कुटुंबाला दरमहा १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, म्हणजे ती आपली जागा आपण बघतील. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. अनामतीचा विचार केला म्हणून तर जास्तच. भाडं महिन्याच्या महिन्याला कसंबसं उभं राहतं गं, गरिबाचं घोडं अडतं ते अनामतीपाशी.

आता इथलं ऐक. मनवेलपाड्यात चाळीतली वन रूम किचन सहा-सात हजारांत मिळते. अनामत पंचवीस-तीस हजार, दलालाला एक महिन्याचं भाडं, अकरा महिन्यांचा करार. करार म्हणजे कधी नोंदणीचा, बहुतेकदा स्टँपपेपरवर, कधी नुसता शब्द. दुसरा प्रकार हेवी डिपॉझिटचा: तीन-चार लाख एकरकमी द्यायचे, भाडं शून्य, सोडताना रक्कम परत. मुंबईत इतकी वर्षं घासून जमवलेला पैसा, नाहीतर गावची जमीन विकून आलेला, माणसं अशी कुणाच्या तरी हातात देऊन टाकतात. मालकानं त्या पैशात दुसरीकडे खोली घेतलेली असते. सगळं ठीक असतं, जोवर इमारत उभी आहे तोवर.

नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत ४१ इमारती होत्या. जागा आरक्षित होती, डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी. तिथे खोट्या कागदांवर चार-चार मजले चढले, वीज आली, घरपट्टी लागली. २०२४च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयानं पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानंही दिलासा दिला नाही, आणि २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत ऐन परीक्षांच्या तोंडावर बुलडोझर फिरला. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आरक्षित जागा गिळणाऱ्याला मोकळं सोडलं तर उद्या तलावावरही इमारत उठेल. पण ज्यानं घर घेतलं त्याला निदान ‘फसवणूक झाली’ म्हणून पोलिसांत जाता येतं. भाड्यानं राहणाऱ्याला, हेवी डिपॉझिटवाल्याला कोण विचारतो? त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, घरपट्टीवर नाही, सोसायटी तर नाहीच.

आणि विजयनगरची रमाबाई अपार्टमेंट. इथून काही लांब नाही. गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री बाराच्या सुमारास इमारतीचा मागचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. सतरा माणसं गेली. इमारत जुनीपुराणी नव्हती, २०१२च्या आसपासची. माझी फोडणीची कढई तिच्याहून म्हातारी आहे. ती जागा इतकी अरुंद, की मोठी यंत्रं आत न्यायला तास न् तास गेले. त्या रात्रीनंतर पाड्यात एक नवी सवय लागलीय. रात्री वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं तरी खालची माणसं दाराबाहेर येऊन उभी राहतात.

पावसाळ्याआधी महापालिका दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी लावते आणि खाली करायची नोटीस चिकटवते. नोटीस बरोबरच असते. पण ती वाचून माणूस जाणार कुठे, याचं उत्तर तिच्यात नसतं. मे महिन्यात दलालाला कळतं की अमुक इमारत खाली होतेय, आणि आसपासच्या चाळींचं भाडं लगेच पाचशे-हजारानं वर जातं. मग माणसं काय करतात? बायकामुलं गावी पाठवतात आणि बापई त्याच इमारतीत झोपतात. तुझ्या-माझ्या ओळखीतही अशी घरं आहेत, नावं लिहीत नाही.

पंतप्रधान आवासचं अनुदान आहे ना, असं तू म्हणशील. होतं. पहिल्या योजनेत कमी उत्पन्नवाल्याला व्याजात अडीच लाखांच्या वर, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजारांपर्यंत सूट मिळायची, ती २०२२च्या मार्चमध्ये बंद झाली. २०२४च्या सप्टेंबरपासून दुसरी सुरू झाली, त्यात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच हप्त्यांत. पण त्यासाठी बँकेचं कर्ज हवं, कर्जासाठी कागद सरळ हवेत, आणि कागद सरळ असलेली इमारत आमच्या गल्लीत शोधून दाखव. पश्चिमेला बोळिंजला म्हाडानं जवळजवळ दहा हजार घरं बांधली. पाण्याची बोंब आणि किंमत, यांमुळे त्यातली हजारो घरं कित्येक वर्षं गिऱ्हाइकाविना पडून होती. फाटकाच्या या बाजूला माणसं खोलीसाठी वणवण करतायत आणि त्या बाजूला सरकारची घरं कुलपात! ती सहा महिन्यांसाठी भाड्यानं द्यावीत असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, कारण ती विकायची होती.

तू लिहिलंस, तुमच्याकडे व्हाउचर चालू करण्याआधी तपासनीस येऊन घर बघून जातो. खिडकी उघडते का, वायर लोंबतेय का, छत गळतंय का. वाचून मी आणि वहिनी इतक्या हसलो! तो माणूस इथे आला तर आमची अख्खी गल्ली नापास. आणि हो, तुमच्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नकोस म्हणतेस ते पटलं. पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाच्याच हाती मदत पडते, म्हणजे रांग तिथेही आहेच.

मग इथे करतं कोण? आपणच. आमच्या बचत गटात गेल्या पावसाळ्यानंतर ठरवलं, की आजारपण आणि शाळेच्या फीसारखंच अनामतीसाठीही कर्ज द्यायचं. पहिलं कर्ज वहिनींच्या ओळखीच्या एका बाईला दिलं, पंधरा हजारांचं. बैठक तिच्याच नव्या खोलीत झाली. खोलीत अजून पंखा नव्हता; आम्ही दहा-बारा जणी चटईवर दाटीवाटीनं, मधे रजिस्टर, सह्या चाललेल्या. मालक दारात उभा राहून बघत होता. आमच्या अध्यक्षबाईंनी त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि गोड बोलून अनामतीची पावती लिहून घेतली. पूर्ण नाव, रक्कम, तारीख, सही, आधारचे शेवटचे चार आकडे. त्या बाईच्या आयुष्यातली अनामतीची पहिली पावती. पंधरा हजारांपेक्षा त्या कागदाचा तिला जास्त आधार वाटला असेल, असं मला राहून राहून वाटतं.

पण गटाची झेप केवढी? एक कुटुंब, फार तर दोन. इमारतच्या इमारत खाली झाली तर आमची पेटी पहिल्याच दुपारी रिकामी. ते काम महापालिकेचंच. मी पतपेढीत जन्म घालवलेली बाई, आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. शंभर कुटुंबं धर, महिना सहा हजार भाडं, सहा महिने: ३६ लाख रुपये. रमाबाई अपार्टमेंट कोसळल्यावर सरकारनं मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख जाहीर केले. सात माणसांचे होतात ३५ लाख. म्हणजे जवळजवळ सात जिवांच्या भरपाईएवढ्या रकमेत शंभर कुटुंबं अख्खा पावसाळा दुसरीकडे राहू शकतात. हे मी आमच्या नव्या नगरसेवकांना सांगितलं. जवळजवळ साडेपाच वर्षं इथे प्रशासक होता, सांगायला माणूसच नव्हता. जानेवारीत निवडणूक झाली, आता निदान दार ठोठावायला जागा आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मावशी, भाडेकरू खरा कोण आणि खोटा कोण, हे कसं ठरवायचं? उद्या यादी लावली की शंभरचे तीनशे होतील.’

शंका खोटी नाही. सरकारी पैसा दिसला की एका खोलीत चार चुली दाखवणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण मुलाच्या शाळेचा दाखला आहे, गॅसचं पुस्तक आहे, रेशनकार्ड आहे, शेजाऱ्यांचा पंचनामा आहे. आणि पैसा भाडेकरूच्या हातात न देता नव्या घरमालकाच्या खात्यात भरला, तोही नोंदणी केलेल्या कराराशिवाय नाही, तर निम्मी खोटी नावं आपोआप गळतील. कोण जाणे, त्या निमित्तानं मालक करार नोंदवायला तरी लागतील! माझं मत विचारशील तर इथल्या भाडेकरूला पैशाइतकीच, किंबहुना आधी, तो भाडेकरू आहे या पुराव्याची गरज आहे. पुरावा नसल्यामुळे तो कुठल्याच यादीत बसत नाही, ना कोसळण्याआधीच्या, ना नंतरच्या.

म्हणून तुला एक काम सांगते. तुमच्या काउंटीच्या ऑफिसातून त्या भाडेमदतीच्या अर्जाचा कोरा नमुना मिळतो का बघ. विशेषतः हे विचार, की ज्याच्याकडे लेखी करार नाही त्याच्याकडून पुरावा म्हणून काय घेतात, आणि किती दिवसांत निकाल देतात. मराठी मी करीन, माझी भाची टाइप करून देईल. एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत पाठव, कारण मेमध्ये नोटिसा लागतात आणि जूनमध्ये पाऊस येतो.

घरच्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
मनवेलपाड्याची मैत्रीण